आयुकाच्या अंगणांत

पुण्याच्या गणेशखिंडींतून विद्यापीठाच्या आवारांत शिरलें म्हणजे जुन्या वृक्षांच्या छायेंत काळ्या दगडांची एक वास्तु दृष्टीस पडते. खगोलविज्ञान व खगोलभौतिकी यांचें हें आंतरविद्यापीठीय केंद्र. परंतु लोकांच्या तोंडीं 'आयुका' हेंच नांव रुळलें आहे. विद्यापीठ अनुदान मंडळानें १९८८ मध्यें तें स्थापिलें. कोल्हापुरांत जन्मलेले व केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याजवळ अध्ययन केलेले डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक-संचालक. २००३ पर्यंत त्यांनीं ही धुरा वाहिली. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले.

वास्तूची आंखणी चार्ल्स कोरिआ यांची. मध्यभागीं कुंडासारखें अंगण असून तेथें आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आंत फूकोचा लंबक टांगलेला आहे. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू पालटते. वस्तुतः फिरते ती आपल्या पायांखालची भूमि. ध्रुवावर ही प्रदक्षिणा एका अहोरात्रांत पुरी होईल; पुणें साडेअठरा अक्षांशांवर असल्यामुळें येथें तीस सुमारें ७५ तास लागतात.

आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, नौकेंतील मनुष्यास तीर मागें जात आहेसें भासतें, या दृष्टान्तानें पृथ्वीचें भ्रमण सांगितलें. पुढें आपल्याच पंडितांनीं त्याचें खंडन केलें. कित्येकांनीं अर्थ फिरविण्याची खटपट केली. फूकोनें लंबक टांगला तो १८५१ मध्यें. बुद्धीनें जें पाहिलें तें डोळ्यांस दिसावयास साडेतेराशें वर्षें लागलीं.

अशा संस्थांचा संसारास उपयोग काय, असें घरोघरीं विचारलें जातें. त्यास येथलेंच एक उदाहरण देतों. गुरुत्वीय तरंग असले पाहिजेत, हें आइन्स्टाइननें १९१६ मध्यें गणितानें काढलें. परंतु ते इतके क्षीण कीं, यंत्रांतील खळबळींत बुडून जावयाचे. जत्रेच्या कोलाहलांत आपल्या मुलाची हांक आईस ऐकूं येते, कारण तो आवाज तिला आधींपासून ठाऊक असतो. त्याच न्यायानें तरंगाचें रूप अगोदर गणितानें मांडून कोलाहलांतून तें कसें वेंचावें, याचा विचार आयुकांत संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ च्या सुमारास केला. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील यंत्रांनीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा तरंग प्रथम टिपला. तो सुमारें १३० कोटी वर्षें प्रवास करीत आला होता. येथें बसून केलेल्या त्या गणिताचें चीज व्हावयास दोन तपें लागलीं.

शिक्षक या नात्यानें मला दुसरें कार्य अधिक मोलाचें वाटतें. लहान गांवच्या महाविद्यालयांतील अध्यापकांसही येथें सहयोगी म्हणून येऊन राहतां येतें, ग्रंथालय वापरतां येतें आणि जाणत्यांशीं वाद घालतां येतो. मीं आयुष्य तालुक्याच्या गांवीं शिकविण्यांत घालविलें. शंका आली तर ती वहींत टिपून ठेवावी, एवढाच तेथें उपाय होता. त्या वह्या अजून घरीं आहेत. पुष्कळ प्रश्नांपुढील जागा कोरीच राहिली. बुद्धि असूनही जवळ विचारावयास कोणी नसणें हें केवढें दारिद्र्य आहे, हें भोगल्यावांचून कळत नाहीं. तें दूर करण्यासाठीं कोणी घर बांधलें, हाच मला त्याचा पहिला उपयोग वाटतो.

मुलांसाठीं मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था सर्वांस पाहावयास मिळते. त्या वेळीं घरांतील मुलामुलींस अवश्य न्यावें. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ असेच तरंग टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ मध्यें संमति दिली आहे. ज्योतिर्लिंगाच्या त्या क्षेत्रीं तिला पुढें माणसें लागतील. आज लंबकापुढें उभें राहून "हा फिरतो कां?" असें विचारणाऱ्या मुलांतूनच तीं यावयाचीं आहेत, त्यांच्या प्रश्नापुढील जागा कोरी राहूं नये.