यादीत नाव नाही, म्हणजे काय?

दोस्तांनो, आज तुम्हाला एक कोडं घालते. मुंबईचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे १२४ सामने खेळला आणि त्यात त्याने ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्याने पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तेही त्यांच्याच मैदानावर, मद्रासला! तर सांगा पाहू, हा गोलंदाज भारताकडून किती कसोटी सामने खेळला असेल?

माझ्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा कुणी ‘पन्नास’ म्हणालं, कुणी ‘शंभर’. एकाने तर ‘दोनशे’ असं ठोकून दिलं. उत्तर ऐकून मात्र सगळे गप्प झाले. उत्तर आहे, शून्य! एकही नाही. मग मागच्या रांगेतून प्रश्न आलाच, ‘‘मॅडमजी, त्यायले काऊन नाही घेतलं जी?’’

या गोलंदाजाचं नाव पद्माकर शिवलकर. आणि ‘काऊन नाही घेतलं’ हा प्रश्न फार मोलाचा आहे बरं का! कारण तो फक्त क्रिकेटचा नाही. तो तुमचा-माझा, सगळ्यांचाच आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी गावची प्राथमिक शिक्षिका. आमच्या गावाला लागूनच विमानतळ आहे. त्यामुळे आमच्या मुलांना विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. अप्रूप आहे ते खेळाचं! धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात आणि मग तिथे क्रिकेट नि कबड्डी यांचं राज्य सुरू होतं. हिवाळ्यात शाळाशाळांच्या स्पर्धा असतात. आधी केंद्राच्या, मग तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या. शाळेचा कबड्डीचा संघ निवडायचं काम माझ्याकडे असतं. मैदानावर खेळणार सात जणी, आणि खेळायला येतात वीस-बावीस. म्हणजे दरवर्षी पंधराएक मुलींना मला ‘नाही’ म्हणावं लागतं. हे काम किती अवघड असतं, ते निवडणाऱ्यालाच ठाऊक!

गेल्या वर्षी डाव्या कोपऱ्यात पकड करणाऱ्या दोन मुली अगदी तोडीस तोड होत्या. जागा एकच. मी त्यातली एक निवडली. दुसरी मुलगी दुसऱ्या दिवसापासून मैदानावर येईनाशी झाली. चार दिवसांनी तिचे बाबा तिला घेऊन शाळेत आले आणि तिच्यासमोरच मला विचारू लागले, ‘‘मॅडमजी, हिच्यात काही दमच नाही का जी?’’ पोरगी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी होती. एका यादीत नाव नाही, एवढ्यावरून घरच्यांनी आणि तिने स्वतःही केवढा मोठा निकाल लावून टाकला होता! मग मी त्या दोघांनाही पडवीत बसवलं आणि शिवलकरांची गोष्ट सांगितली.

शिवलकरांची निवड का झाली नाही? ते खेळात कमी पडले म्हणून? मुळीच नाही. ते ऐन भरात होते, तेव्हा भारतीय संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या जागी बिशनसिंग बेदी होते. बेदी १९६६ ते १९७९ या काळात ६७ कसोटी खेळले आणि त्यांनी २६६ बळी मिळवले. जोडीला प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन. अशा संघात आणखी एका फिरकी गोलंदाजाला जागा कुठून मिळणार? बरं, बेदींच्या मागे शिवलकर एकटेच उभे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजी करंडकात त्यांनी ६३७ बळी घेतले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पण तेही भारताकडून एकही कसोटी खेळू शकले नाहीत. बेदी थांबले तोवर शिवलकर चाळिशीला टेकले होते. एका घराला एकच दार असावं आणि दारात तीन पाहुणे एकदम यावेत, तशातली गत!

म्हणजे निवड न होण्याचं पहिलं कारण हे की जागाच कमी असतात. हे कारण आपल्या हातात नसतं.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल. तिथे अंडाकृती चेंडूचा एक फुटबॉल खेळतात. कॉलेजच्या सामन्यांनाही हजारोंनी माणसं लोटतात. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी ‘हाइसमन करंडक’ देतात. १९९३ साली तो मिळाला चार्ली वॉर्ड याला. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी कॉलेजमधले खेळाडू निवडले, एकेक करून शेकड्यांनी निवडले, पण त्या यादीत चार्लीचं नाव नव्हतं! असं कसं झालं? एक तर त्याच्या जागेवर खेळणाऱ्याला हवी तेवढी त्याची उंची नाही, असं संघांना वाटत होतं. दुसरं म्हणजे तो बास्केटबॉलही उत्तम खेळायचा. हा आपल्याकडे येईल की तिकडे जाईल, याची कुणालाच खात्री नव्हती. शेवटी तो बास्केटबॉलकडेच वळला आणि त्या खेळात दहा वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक खेळाडू म्हणून टिकला. कॉलेजच्या मैदानावर जे चालतं, तेच वरच्या मैदानावर हवं असतं, असं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारा प्रत्येक जण नाटक कंपनीला हवा असतोच, असंही नाही. मागणी वेगळी असते.

तिसरं कारण म्हणजे निवडणारीही माणसंच असतात. जे मोजता येतं, ते ती मोजतात. उंची, वजन, धावण्याचा वेग. पण जिद्द मोजायची फूटपट्टी कुठल्या दुकानात मिळते? त्याच अमेरिकन फुटबॉलमध्ये २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या खेळाडूला संघ मिळाला, तेव्हा त्याच्या आधी १९८ जणांची निवड होऊन गेली होती. शरीराने किरकोळ, पळायला सावकाश, असा तो दिसत होता. पुढे त्याने तिथला सर्वांत मोठा किताब सात वेळा जिंकला!

आता तुमच्यातला एखादा चतुर म्हणेल, ‘‘छान! म्हणजे माझी निवड झाली नाही, तर चूक निवडणाऱ्याचीच!’’ थांब, बाबा! इतकं सोपं नाही ते. कधीकधी आपण खरोखरच कमी पडलेलो असतो. म्हणून निवड हुकली की रडून झाल्यावर (रडायला हरकत नाही!) सरांना किंवा मॅडमना सरळ जाऊन विचारायचं, ‘‘माझं काय कमी पडलं?’’ ‘तुझी पकड ढिली आहे’ किंवा ‘तुझा दम लवकर तुटतो’ असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवसापासून कामाला लागायचं. आणि ‘काहीच कमी पडलं नाही, जागा एकच होती’ असं उत्तर मिळालं, तर? तर काय करायचं, हे अमोल मुजुमदार यांच्याकडून शिकावं.

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा शालेय सामना सुरू होता. शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोघांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचं म्हणून पॅड बांधून एक तेरा वर्षांचा मुलगा तंबूत बसला होता. बसूनच राहिला! त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार.

१९९४ साली मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात जगात तोवर कुणी एवढ्या धावा केल्या नव्हत्या. सगळे म्हणाले, हा आता भारताकडून खेळणार! पण १९९६ मध्ये द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण संघात आले, तेंडुलकर आधीपासून होताच. मधल्या फळीचं दार पुढची दहा-बारा वर्षं जवळजवळ बंदच झालं. अमोल पुन्हा एकदा पॅड बांधून बसलेले! तरीही ते खेळत राहिले. मुंबईचे कप्तान झाले, २००६-०७ चा रणजी करंडक जिंकला, पुढे आसाम आणि आंध्रकडूनही खेळले. १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताकडून मात्र एकही सामना नाही.

मग ते प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघ त्यांच्या हाती आला. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला होता. तरीही सावरला, उपांत्य फेरीत त्याने ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून हरमनप्रीत कौरच्या संघाने भारतीय महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला. पाळीची वाट बघण्यात माणसाला काय काय सोसावं लागतं, हे त्या मुलींच्या प्रशिक्षकाइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण एक सांगू? विश्वचषक मिळाला म्हणून अमोल मोठे, असं मी मुलांना सांगत नाही. तो मिळाला नसता, तरी त्या ११,१६७ धावा खऱ्याच होत्या. शिवलकरांचे ५८९ बळीही खरेच होते. त्यांना पुढे २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हाही त्यांच्या नावापुढे कसोटी सामने शून्यच होते. म्हणून कुणी त्यांना ‘नापास’ म्हणेल का?

आता पालकांशी दोन शब्द. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय नवेगावबांधला आहे. सहावीला जागा फक्त ८०. पाचवीची कितीतरी लेकरं जीव तोडून त्या परीक्षेचा अभ्यास करतात. निकाल लागला की गावभर एकच चौकशी, ‘‘पास झाला का?’’ आणि नाव नसेल, तर ‘‘नापास झाला.’’ अहो, नापास नाही झाला तो! त्याची निवड झाली नाही, एवढंच. हे दोन शब्द वेगळे आहेत. मोठ्या माणसांनी ते वेगळे ठेवले, तर लेकरू आठ दिवसांत पुन्हा हसतं-खेळतं होतं. नाही ठेवले, तर ते चांगलं येणारं गणितसुद्धा सोडून देतं.

आमची ती कोपऱ्यातली मुलगी आठवडाभराने मैदानावर परत आली. यंदा ती संघात असेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. सरावात तिला आणखी दोघींशी झुंजावं लागणार आहे. पण ती येते, वेळेवर येते आणि आता तिची पकड सोडवताना भल्याभल्यांची दमछाक होते.

मुलांनो, तुमच्याही गावात एखादे काका किंवा मावशी नक्की असतील, ज्यांच्या खेळाची, गाण्याची किंवा चित्रांची सगळे तारीफ करतात, पण ज्यांचं नाव कुठल्याच मोठ्या यादीत आलं नाही. या रविवारी त्यांच्याकडे जा. ‘तुमचा सगळ्यात चांगला सामना कोणता?’ एवढंच विचारा. मग बघा, ते किती वेळ बोलतात!