डेर, डी, डास आणि आमचा दादा

थर्ड इयरला जर्मनीत एमएस करायची स्वप्नं पडायला लागली आणि रूममधल्या आम्ही दोघांनी जर्मनचा क्लास लावला. मी सातारचा, रूममेट कोलकात्याचा. हॉस्टेलच्या रिवाजाप्रमाणे तो ‘दादा’.

एक कबुली आधीच देतो. मेसमध्ये दादाच्या हिंदीची नक्कल करण्यात मी सगळ्यात पुढे असायचो. ‘गाडी आता है’, ‘सब्जी ठंडा हो गया’. बंगालीत नामांना व्याकरणातलं लिंगच नसतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? हळूहळू दादा जेवताना बोलेनासाच झाला.

जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं : डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी. मी खूश! ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी, हे ऐकून हिंदीवाले चक्रावले. मला काहीच वाटलं नाही. आपल्याकडे पोरगं, लेकरू नाही का? ‘बूख’ म्हणजे पुस्तक, तेही डास. हिंदीत किताब स्त्रीलिंगी, म्हणून ती मंडळी डी म्हणत होती. म्हटलं, आपलं काम फत्ते, पाठ कशाला करा!

दादाने मात्र रूमभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर ‘डेर श्रांक’, बादलीवर ‘डेर आयमर’, माझ्या कॉटवरसुद्धा ‘डास बेट’. त्यालाही मी हसलो.

ओरलला मॅडमनी समोरच्याच वस्तू विचारल्या. मी ठोकून दिलं : डास ट्यूर, डी फेन्स्टर, डास टिश. आपलं ते दार, ती खिडकी, ते टेबल. तिन्ही चूक! जर्मनमध्ये दार डी, खिडकी डास आणि टेबल डेर. दादाचे सगळे बरोबर. फक्त बहिणीबद्दल बोलताना तो ‘एर’ म्हणजे ‘तो’ म्हणून गेला. बंगालीत तो आणि ती, दोघांनाही एकच ‘शे’!

रात्री टपरीवर बसून हिशेब लावला. चांगला, चांगली, चांगलं असं लिंगाप्रमाणे शब्द बदलायची सवय मला घरूनच मिळालेली, दादाला ती घाम गाळून लावून घ्यावी लागत होती. पण कुठला शब्द कुठल्या खोक्यात, या बाबतीत माझे तिन्ही खोके मराठीने आधीच भरलेले. त्याचे रिकामे होते, म्हणून त्याने जर्मन माल नीट रचला.

‘दादा, मेसवाली बात के लिए सॉरी यार,’ मी म्हटलं.

‘ठीक है. आज चाय तुम्हारा तरफ से.’

चूक कानाला खटकली. गपचूप पैसे दिले.

सध्या रूममध्ये मराठीच्या चिठ्ठ्या लागताहेत. परवा पेन दाखवून दादाने विचारलं, ‘तो की ते?’ मी म्हटलं, ‘ते पेन.’ शेजारच्या रूममधून आवाज आला, ‘तो पेन!’ अर्धा तास भांडलो. पेनवरची चिठ्ठी अजून कोरीच आहे.