लेकीचे शब्द जपून ठेवा

मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातील भुकूम येथे एका तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हळहळला. हुंड्यासाठी छळ झाल्याच्या आरोपावरून पती व सासरच्या मंडळींना अटक झाली. त्यांच्या दोषाचा निर्णय न्यायालयाने करायचा आहे. परंतु त्या दिवसांत एक प्रश्न मुळशीत सर्वत्र ऐकू येई: ‘छळ सगळ्यांना ठाऊक असताना आणखी सिद्ध काय करायचे?’ वकिलीतून निवृत्त होऊन या तालुक्यात राहत असल्याने तो मलाही अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर आपण वडीलधाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण लेकीचे दुःख बहुधा आपल्याच कानी प्रथम येते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ अन्वये पत्नीशी क्रूर वागणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. शरीराइतकाच मनाच्या आरोग्यास होणारा गंभीर अपायही कायदा क्रूरता मानतो. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा मात्र वेगळा. कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते. पण त्यासाठी चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून केलेले साहाय्य सिद्ध व्हावे लागते. केवळ घरातील कुरबुर पुरत नाही. आरोपीचे वर्तन आणि मृत्यू यांतील जवळचा धागा न्यायालय शोधते. विवाहानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या घडली आणि क्रूरता सिद्ध झाली, तर प्रवृत्त केल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. तसे धरलेच पाहिजे, असे बंधन नाही.

म्हणूनच शब्दांना मोल येते. १९८२ साली पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८४ च्या निकालात ती पुरावा म्हणून ग्राह्य ठरली. तरीही आत्महत्येची शक्यता नाकारता येत नसल्याने खुनाच्या आरोपातून आरोपी निर्दोष सुटला. पत्रे राहिली, ती लिहिणारी राहिली नाही.

मागे एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. लेक माहेरी आली होती आणि परत जायला तयार नव्हती. ‘वकीलसाहेब, पाठवू की ठेवून घेऊ? लोक काय म्हणतील?’ मी म्हणालो, ‘आबा, लोकांना उत्तर देता येईल. लेकीला आधी पोटभर जेवू द्या, झोपू द्या, मग ती बोलेल ते ऐका.’ त्यांनी तिला ठेवून घेतले. पुढे काय करायचे ते तिनेच ठरवले.

आपणही हे करू शकता. ती जे सांगेल ते तारखेसह, तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. तिचे संदेश पुसू नका. दवाखान्याचे कागद, दिलेल्या पैशांच्या व दागिन्यांच्या पावत्या जपा. कोणी काय केले तेवढेच लिहा. रागाच्या भरात साऱ्या गोतावळ्याची नावे गोवल्यास खरी तक्रारही दुबळी होते. ‘आता जगून काय करू’ असे ती म्हणाली, तर तो बोलण्यातला त्रागा समजू नका. तिला एकटी सोडू नका. मनाच्या आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६, महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक घरात ठळक लिहून ठेवा.

‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. सुख नसेल तर परत ये, हे वाक्य त्याला जोडण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. ते लग्नाच्या आधी, लेकीच्या समोर आणि व्याह्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलावे.