गोशृंग आणि कापिशायन

‘बायोडायनॅमिक’ द्राक्षमद्याची वार्ता ऐकून आमच्या शहापुरांतील कांहीं मंडळींस मोठा अभिमान वाटला. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून ही शेतीची पद्धति निघाली. गाईच्या शिंगांत शेण भरून तें हिवाळाभर पुरावयाचें, मग त्यांतील थोडेंसें पाण्यांत तासभर घुसळून मळ्यांत शिंपावयाचें. शिवाय चंद्राची गति पाहावयाची. गाय आणि पंचांग एकत्र दिसल्यावर ‘हें तर आमचेंच’ असें कोणास वाटणार नाहीं? परंतु शेणखतानें भुई सुधारते हें येथील धानकरीही जाणतो. शिंगाचा गुण त्याहून निराळा सिद्ध झाला पाहिजे, आणि तो झालेला नाहीं.

खरोखर आमचें आहे तें निराळेंच. आम्हीं मद्य कधीं चाखलें नाहीं; त्याची ओळख व्याकरणाच्या वाटेनें झाली. ‘कापिशायन’ हा शब्द साधण्यास पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचलें. कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हणून त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार देशावरून सांगितले. कापिशी म्हणजे हिंदुकुशाच्या दक्षिणेस, आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्राम. डोंगराळ मुलुखाचें मद्य मुलुखाच्या नांवानें ओळखावें, ही जाण तेव्हांची आहे. आज अर्जेंटिनाच्या साल्टा प्रांतांत ३,१११ मीटर उंचीवर द्राक्षमळा आहे. दिवसां प्रखर ऊन, रात्रीं कडक थंडी, त्यामुळें फळाची आंबटाई टिकते. नाशिकचे मळे सुमारें ६०० मीटरांवर, तरी तेथील बाटल्यांवर नाशिकचें नांव मोठ्या डौलानें झळकतें.

आमच्या भंडाऱ्यास द्राक्षें नाहींत, मोहाचीं झाडें मात्र विपुल आहेत. त्याच्या फुलांच्या दारूस कोणी जिल्ह्याचें नांव दिलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. धाडीच्या बातमींत तेवढें तें येतें.