सूर्यास्तापूर्वीचे ताट

शनिवार, १६ जुलै २०२२. पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर १८ जुलैपासून पाच टक्के जीएसटी लागू होणार होता. त्याच्या निषेधार्थ देशभरातील धान्य व्यापाऱ्यांनी त्या दिवशी बंद पुकारला होता. सांगलीतील एका जुन्या भुसार दुकानाचे मालक अण्णा मात्र नेहमीप्रमाणे सकाळी नऊला निघण्याच्या तयारीत होते. शटर खाली ओढून आत मालाची मोजदाद करावी, पंचवीस किलोपर्यंतच्या पिशव्या आणि त्याहून मोठी पोती वेगळी लावावीत, असा त्यांचा बेत होता. इतक्यात दिवाणजींचा फोन आला. दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याच खिशात राहिल्या होत्या आणि ते पहाटेच्या गाडीने लेकीकडे कराडला पोहोचलेही होते.

अण्णांना घरी थांबावे लागले. पण घरी थांबून करायचे काय, हे त्यांना सुचेना. साप्ताहिक सुट्टीचा दिवस वसुलीत जाई, सणाचा दिवस मंदिरात आणि पाहुण्यांत. चातुर्मासात सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम ते काटेकोरपणे पाळत. त्यासाठी रोज संध्याकाळी सहा वाजता घरून डबा येई आणि तो गादीवरच, एका हाताने फोन धरून, संपत असे. दुकानातून घरी परतेपर्यंत घर निजानीज करू लागलेले असे.

दुपारी पावसाची झड लागली. शाळेतून आलेली नात आजीजवळ बसून रत्नकरंड श्रावकाचाराचे मराठी विवेचन मोठ्याने वाचत होती. देशावकाशिक व्रताचा भाग चालला होता. ठराविक काळापुरती आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घ्यायची. ती मर्यादा गाव, शेत, नदी अशी असते, तशी नुसते घर एवढीही असते.

"म्हणजे आज अण्णांचं व्रतच झालं की!" नात म्हणाली.

"दिवाणजींनी घडवलं," आई हसून म्हणाल्या.

अण्णाही हसले. मग नातीला खूश करावे म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून चार वाट्या आणल्या. मूग, मटकी, तूर, हरभरा. डोळे मिटून, नुसत्या हाताने धान्य ओळखायचे. नात मटकीला मूग म्हणाली. अण्णांनी चारही ओळखले. तीस वर्षे गादीवर बसल्याची ती कमाई होती. आईंनी तर बोट लागताच नावे सांगितली, वर तुरीला "ही जुनी आहे" असा शेराही दिला.

"आजीला डोळे मिटावेच लागत नाहीत," नात सहज बोलून गेली.

क्षणभर कोणी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाजही थांबला. नात रोज वाचून का दाखवते, धान्य निवडायचे काम सुनेकडे का गेले, पायरी उतरताना आई भिंतीला हात का लावतात, हे सारे अण्णांना एकदम दिसले.

"कधीपासून, आई?"

"गेल्या चातुर्मासापासून. मोतीबिंदूच असेल. तुझ्या दुकानाची घाई सरली की सांगणार होते."

ती घाई कधी सरत नाही, हे त्या घरात सर्वांनाच ठाऊक होते. म्हणूनच कोणी बोलले नव्हते.

संध्याकाळी सहा वाजता डबा भरला गेला नाही. पाऊस उघडला होता, खिडकीतून पिवळसर ऊन आत आले होते. पाच ताटे एका ओळीत मांडली गेली. अण्णा आईंच्या शेजारी बसले आणि भाकरी कुठे, आमटी कुठे, चटणी कुठे, हे हलक्या आवाजात सांगत राहिले. आईंना ते सांगण्याची गरज नव्हती. तरी त्या प्रत्येक वेळी "हं" म्हणत होत्या. सूर्य मावळला तेव्हा सर्वांची पाण्याची भांडी रिकामी झाली होती आणि तरीही कोणी उठले नव्हते.

सोमवारी, १८ तारखेला, नवा कर लागू झाला. पेठेत पहाटेपासून बिलांची आणि पिशव्यांची गडबड होती. त्या दुकानाचे शटर मात्र दिवाणजींनी उघडले. अण्णा तीन तास उशिरा आले. डोळ्यांच्या दवाखान्यात आईंच्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आले होते. चोपडीत त्या तीन तासांची नोंद कोठेही नाही.