नदी परत गेली नाही तर

निर्मली आणि सरायगढ ही उत्तर बिहारमधली दोन स्थानकं. दोहोंमधलं अंतर २२ किलोमीटर. १८८७ साली तिथे मीटरगेजची गाडी सुरू झाली आणि १९३४ मध्ये, भूकंपाच्या त्या भीषण वर्षी, मधला मार्ग नाहीसा झाला. त्यानंतर निर्मलीहून सरायगढला रेल्वेनं जायचं तर दरभंगा, समस्तीपूर, खगडिया, मानसी, सहरसा असा ३०० किलोमीटरांच्या आसपासचा वळसा. नवा कोसी रेल्वे महासेतू खुला झाला तो १८ सप्टेंबर २०२० रोजी. बातमीत पुलाची लांबी होती, खर्च होता, कोण काय म्हणालं ते होतं. माझ्या मनात राहिला तो वळसा. पलीकडे दिलेली लेक छठेला माहेरी आणायची तर एक तर एवढी मोठी प्रदक्षिणा, नाहीतर नाव आणि वाळूतली पायपीट. रेल्वेविना शहाऐंशी वर्षं! म्हणजे किती सोयरिकी मोडल्या नाहीत, पण जुळल्याच नाहीत. त्यांची मोजदाद कुठल्या खात्यात होणार?

कोसी ही साधी नदी नव्हे. सगरमाथ्यापासून कांचनगंगेपर्यंतचा हिमालय ती अंगावर घेऊन येते. सात नद्या मिळून सप्तकोसी होते, नेपाळात चतरा इथे डोंगर सोडते, आणि सपाटीवर पाय ठेवताच तिचा वेग मोडतो. मग आणलेली वाळू-माती ती तिथेच टाकत जाते. तळ उचलला जातो, शेजारची जमीन सखल ठरते, नदी तिकडे कलते. काही वर्षांनी तीही जमीन उंच होते. अठराव्या शतकात पूर्णियाच्या बाजूनं वाहणारी ही नदी अडीचशे वर्षांत सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला सरकली. पुण्याची मुठा सरकत सरकत साताऱ्यापलीकडे गेली तर जेवढं होईल, तेवढं. मागे राहिल्या त्या सुकलेल्या धारा, पावसाळ्यापुरत्या जाग्या होणाऱ्या.

आमच्याकडे नदी अशी जात नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडात तिनं आपली वाट लाखो वर्षं कोरलेली असते. म्हणून तर आपण वाईला, नाशिकला, पैठणला घडीव दगडांचे घाट बांधू शकलो. घाट बांधणं म्हणजे नदीवर केवढा विश्वास! पुढच्या दहा पिढ्या ती याच पायरीशी येईल, हे बांधणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं.

माझी आत्या नरसोबावाडीला दिलेली. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचं गाव, त्यामुळे पावसाळ्यात तिच्या घरी जायला आई फारशी राजी नसायची आणि मला नेमकं तेव्हाच जायचं असायचं. घराच्या चौकटीवर रेघा होत्या. कुठली कोळशाची, कुठली गेरूची, एक चक्क सुरीनं कोरलेली. दरेकीशेजारी साल. पोरांची उंची मोजतात तशी त्या घरानं नदीची उंची मोजून ठेवली होती. पाणी चढायला लागलं की घरातली कामं ठरलेली असत. धान्याच्या कणग्या आधी, मग अंथरुणं, मग देव, सगळं माळ्यावर. जनावरं उंचावरच्या वस्तीत जायची. आत्याचे यजमान दर तासाला घाटाकडे जाऊन किती पायऱ्या उरल्या ते सांगायचे. त्या आकड्यावर स्वयंपाक ठरे, पोळ्या करायच्या की भातावर भागवायचं.

आणि मग पाणी देवळात शिरायचं. दत्ताच्या पादुकांवरून उत्तरेच्या दारानं आत येऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायचं. वाडीत याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या दाराशी स्नान करायला माणसं लांबून धावत येतात. उत्सवमूर्ती तोवर वर नारायणस्वामींच्या देवळात गेलेली असते. देव जागा सोडतो, नदी आत येते, आणि गाव त्याला सोहळा म्हणतं. लहानपणी मला यात काही नवल वाटत नव्हतं. आज वाटतं, पुराला घाबरण्याऐवजी रांग लावणारी ही माणसं फार मोठी. उंबऱ्याला पाणी लागलं की आत्या हळदीकुंकू वाहायची, खण-नारळानं कृष्णेची ओटी भरायची आणि आम्हा पोरांना म्हणायची, “भ्यायचं न्हाई. आली तशी जाईल.” एवढं बोलून ती कवठाच्या बर्फीचा डबा उघडायची. मला ती बर्फी पेढ्यांपेक्षा कितीतरी आवडते, अजूनही. बाहेर गढूळ पाणी, आत आंबटगोड वास आणि कंदिलाच्या उजेडात मोठ्यांची हलक्या आवाजातली बोलणी. त्या घरातली ती रात्र मला कुठल्याही सणापेक्षा जास्त आठवते.

पाणी खरंच जायचं. मागे गाळ ठेवून जायचं. घर धुण्यात आठवडा मोडे, पण मळीच्या रानात तो गाळ बसला की आत्याचे यजमान खूश. कृष्णाकाठची वांगी त्या गाळाची. ती भाजताना जो वास येतो तो दुसऱ्या कुठल्या वांग्याला येत असेल, असं मी मानायला तयार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सगळ्या रेघा बुडवल्या. आत्या तोवर राहिली नव्हती. आतेभावाच्या घरच्यांना नावेतून काढावं लागलं. दोन वर्षांत पुन्हा तेच. तरीही, त्याही वेळी, पाणी घाटाखाली उतरलं. आली तशी गेली.

न गेली तर? मी हा खेळ मनाशी बरेचदा खेळते. समजा एका भाद्रपदात कृष्णा वाडीला आलीच नाही, पलीकडून कुठूनतरी निघून गेली. घाट कोरडा. संगम नाही. दक्षिणद्वाराला अर्थ नाही. काठाकाठानं उभ्या उपसा योजनांच्या विहिरी रिकाम्या, साखर कारखान्यांच्या चिमण्या थंड. सातबाऱ्यावर जमीन आहे, जागेवर वाळू. बच्छावत लवादानं राज्याराज्यांत टीएमसीत वाटलेलं पाणी मोजायचं कुठे? आणि ज्यांच्या दारातून ती नव्यानं वाहते आहे त्यांना ओटी भरायची असते हे कोण सांगणार? दगड तसं होऊ देणार नाही, हे कळतं. तरी पोटात खड्डा पडतो.

कोसीकाठी हे कल्पनेत घडत नाही. तिथल्या पिढ्यांनी कुडाची घरं बांधली, जी उचलून नेता येतात. तिथली माणसंही नदीला मैया म्हणतात, तिची गाणी गातात, पण “आली तशी जाईल” हे वाक्य त्यांना म्हणता आलं नाही.

स्वतंत्र देशाला वाटलं, आपण त्यांना ते वाक्य मिळवून देऊ. एप्रिल १९५४ मध्ये नेपाळशी करार झाला. १९५५ पासून दोन्ही अंगांना तटबंध उभे राहू लागले, १९६३ मध्ये भीमनगरजवळचं ५६ दारांचं बराज पुरं झालं. हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानते. पण वाळू थांबली नाही. आधी जी मैलोगणती पसरायची ती आता दोन भिंतींमध्ये साठू लागली. तळ चढत चढत बाहेरच्या शेतांहून वर गेला. तीनशेहून अधिक गावं तर या भिंतींच्या आतच राहिली आणि दरसाल पाण्यात उभी राहू लागली. शिलिंगफर्ड नावाच्या अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं की ही नदी पश्चिमेचं टोक गाठून पुन्हा पूर्वेकडे उसळेल. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातल्या कुसहा इथे पूर्वेचा तटबंध फुटला. तेव्हा नदीत सुमारे १.४४ लाख क्यूसेक पाणी होतं. तटबंध बांधला होता साडेनऊ लाखांसाठी. म्हणजे हा महापूरही नव्हता. नदीनं फक्त जुनी वाट धरली. सुपौल, मधेपुरा, अररिया या जिल्ह्यांतून ती आपल्या सोडलेल्या धारांमध्ये शिरली आणि तीस लाखांहून जास्त माणसं त्या वाटेत होती. सर्वांत मोठं दुःख मला एकाच गोष्टीचं वाटतं. पन्नास वर्षं सुरक्षित म्हणून सांगितलेल्या त्या गावांमध्ये नावाच उरल्या नव्हत्या. नावाडीही नव्हते. पुढच्या जानेवारीत भगदाड बुजवून नदी पुन्हा भिंतींमध्ये आणली. शेतांवरची वाळू तिथेच राहिली.

मला वाटतं, असल्या नदीला पसरायला जागा द्यावी, तिचा गाळ शेतांवर पातळ बसू द्यावा, आणि गावोगावी नावा ठेवाव्यात. दिनेशकुमार मिश्र हे स्वतः अभियंता, त्यांनी आयुष्य वेचून तटबंधांची ही कहाणी लिहिली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बराजमधून ६.६१ लाख क्यूसेक पाणी सोडावं लागलं, १९६८ नंतरचं सर्वाधिक, तेव्हा पुन्हा तीच जुनी भीती.

या प्रदेशाला फणीश्वरनाथ रेणूंसारखा लेखक मिळाला हे त्याचं भाग्य. ‘परती परिकथा’ १९५७ ची. कोसी सोडून गेलेल्या ओसाड, वाळूनं भरलेल्या जमिनीची ती कथा. रेणूंना त्या वर्षांत नव्या कोसी प्रकल्पाबद्दल खरीखुरी आशा होती. २००८ नंतर ती कादंबरी हातात घेतली तेव्हा ती आशा वाचवेना, आणि सोडवेनाही. पडीक जमिनीवर इतकं प्रेम केलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

योगायोग असा की १९५४ मध्येच अमेरिकेनंही एका नदीला जागेवर ठेवायचं ठरवलं, आणि तेही काम १९६३ मध्येच पुरं झालं. मिसिसिपीला अचाफलाया नावाच्या फाट्यानं समुद्र गाठायचा आहे. अंतर निम्म्याहूनही कमी. ती तिकडे गेली तर बॅटन रूज आणि न्यू ऑर्लीन्स ही बंदरं खाऱ्या पाण्याच्या खाडीवर येतील, म्हणून लुईझियानात दारं बांधून ठरवलं की ३० टक्के पाणी तिकडे आणि बाकीचं इकडेच. १९७३ च्या पुरात बांधकामाखालची माती वाहून गेली, एक भिंत कोसळली, पण मुख्य बांधकाम टिकलं. त्याच पुरानं आणखी एक गोष्ट केली. अचाफलायातून फुटणारा वॅक्स लेक नावाचा कालवा १९४०च्या दशकात खणला होता. त्याच्या मुखाशी पाण्याखाली साठलेला गाळ त्या वर्षी वर आला. आसपासचा किनारा समुद्र खातो आहे, पण हा त्रिभुज तुकडा वाढतोच आहे. त्यावर आता विलोची झाडं उभी आहेत. त्या जमिनीवर एकदा चालून यायची माझी फार इच्छा आहे. आणि तिथला गाळ पाहिल्यावर मी सगळ्यांत आधी विचारणार आहे, यात वांगी लावून पाहिली का कुणी?