एकमेकांच्या देखत

घरातल्या रोजच्या प्रार्थनेत वाढलेला आणि पुढे स्वतःच्या संसारातही ती चालू ठेवलेला माणूस म्हणून मी हे लिहीत आहे. प्रार्थनेने घरावरची संकटे टळतात, असा माझा दावा नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे, पण ते मला अधिक खात्रीचे वाटते. एका छपराखाली राहणारी माणसे रोज एकमेकांच्या देखत एकमेकांसाठी काही मागू लागली, की मागणारी माणसेच हळूहळू बदलतात. कुटुंबातल्या प्रार्थनेची सारी शक्ती मला या बदलात दिसते.

आपल्याकडच्या जुन्या रिवाजांत हे स्पष्ट दिसते. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावायचे, मुलांनी शुभंकरोति म्हणायची, मग तिथी, वार, नक्षत्रे, पाढे असा परवचा व्हायचा आणि शेवटी घरातल्या मोठ्यांना वाकून नमस्कार. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सांजेची घंटा झाली की घरातल्या वेदीपुढे तेर्स होतो, आणि जपमाळ संपली की मुले हात जोडून एकेका वडीलधाऱ्याकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. धर्म वेगळे, भाषा वेगळी, पण शेवट एकच. देवापुढून उठलेले मूल आधी घरातल्या माणसापाशी जाते. दुपारी ज्या काकाशी कडाक्याचा वाद झाला, त्याच्यापुढेही संध्याकाळी वाकावे लागते आणि काकालाही त्या डोक्यावर हात ठेवावा लागतो. माफीचा शब्द कोणी काढत नाही, दुपारचा विषयही निघत नाही, तरी अबोला दुसऱ्या दिवसापर्यंत नेणे दोघांनाही जड जाते. मागणे काय आहे, यालाही महत्त्व आहे. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारे पसायदान अनेक मराठी घरांत रोज म्हटले जाते. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातले दुष्टपण जावे आणि सगळ्यांत मैत्री व्हावी, असे मागितले आहे. वर्षानुवर्षे हे मागणे तोंडी असलेल्या घरात रागाला निदान एक लगाम राहतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: प्रार्थनेचा उपयोग होतो याला पुरावा काय? या आक्षेपाला बगल देऊ नये. अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 1800 रुग्णांचा अभ्यास केला आणि 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने माहीत होते, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच आढळली. मला हा निष्कर्ष मान्य आहे. प्रार्थनेने औषधाची जागा घेऊ नये, आणि आजारी माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे तर कधीच ऐकवू नये. पण त्या अभ्यासात दूरच्या, न पाहिलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना तपासली होती. घरातली प्रार्थना शेजारी बसलेल्या माणसासाठी असते, आणि तिथे प्रश्न प्रार्थना करणाऱ्याचे काय होते, हा असतो. त्याचे उत्तर वेगळ्या अभ्यासांत मिळते. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवले, की लॅटिनमधली जपमाळ किंवा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहांवर येतो आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो. अमेरिकेतल्या नॅथॅनिएल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या 2010 सालच्या प्रयोगात काही जणांनी चार आठवडे रोज मित्रासाठी प्रार्थना केली, काहींनी कोणत्याही विषयावर प्रार्थना केली, तर काहींनी मित्राविषयी नुसते चांगले विचार मनात आणले. मित्राला क्षमा करण्याची तयारी पहिल्या गटात अधिक दिसली. असे प्रयोग लहान असतात, त्यांवर मनोरे रचता येत नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्या घरांनी जे अनुभवले, त्याच दिशेला ते बोट दाखवतात.

दुसरा आक्षेप असा, की मग एकत्र जेवले तरी तेच साधेल. काही अंशी साधेलही. कुटुंबातल्या ठरावीक सवयी आणि विधी यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा बार्बरा फीस यांनी 2002 साली घेतला, त्यात या गोष्टींचा मुलांच्या आरोग्याशी आणि पतिपत्नींच्या समाधानाशी संबंध आढळतो. पण जेवणाच्या ताटावर आपण दिवसभराचे बोलतो, तक्रारी करतो, हिशेब मांडतो. ‘तुझे भले व्हावे’ हे वाक्य तिथे कोणी उच्चारत नाही. प्रार्थना ते उच्चारायला लावते, तेही ज्या दिवशी मन तयार नसते त्या दिवशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. प्रार्थनेच्या नावाखाली घरात सत्ता गाजवली जाते. ‘देवा, हिला सुबुद्धी दे’ असे सुनेच्या कानावर पडेल अशा आवाजात म्हटले, की तो टोमणा झाला. दिवा लावायचा, तयारी करायची ती बाईने आणि पाळी आली की दूर बसायचे तेही तिनेच, हा अन्याय आहे. मुलांना दटावून हात जोडायला लावले, तर प्रार्थनेची अढी तेवढी बसते. म्हणून काही गोष्टी कसोशीने पाळायला हव्यात: सुरुवात रोज वेगळ्या माणसाने करावी, कोणालाही वगळू नये, दुसऱ्याचे दोष देवापुढे मांडू नयेत, आणि ज्याचा विश्वास नाही त्याला गप्प बसून राहण्याची मोकळीक असावी. गांधीजींच्या आश्रमातल्या प्रार्थनेत गीतेतल्या श्लोकांबरोबर कुराणातली वचने आणि ख्रिस्ती भजनेही होती. एवढ्या भिन्न श्रद्धांची माणसे एका पटांगणात बसू शकली, तर दोन खोल्यांच्या घरात आस्तिक आई आणि नास्तिक मुलगा यांना एकत्र बसणे अवघड नाही. आज मुले पुण्यात, आईवडील गावी आणि लेक परदेशात असते. तिन्ही घरांच्या वेळा जुळवून फोनवर पाच मिनिटे एकत्र पसायदान म्हणता येते. देवाने ते ऐकले की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. घरातल्या माणसांनी एकमेकांचे ऐकले, एवढे मात्र नक्की, आणि त्या एकाच कारणासाठी ही पाच मिनिटे राखून ठेवावीत, असे मी मनापासून सांगेन.